तंबाखू, चुना आणि डॉ. खानोलकर

तंबाखू मळायला तळहात लागतो, अंगठा लागतो आणि चुन्याची डबी लागते. औंढा नागनाथला मंदिराच्या वाटेवर, एसटीची वाट पाहताना किंवा शेताच्या बांधावर, हा प्रकार पाहायला कुठे शोधत जावे लागत नाही. मळलेली चिमूट खालच्या ओठात किंवा दाढेशी गालात धरली जाते आणि तासभर तिथेच राहते. बायका सहसा तंबाखू मळत नाहीत. त्या ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि ती मिश्री बोटाने हिरड्यांवर घासतात. दात साफ होतात, दाढ दुखायची थांबते, शौचाला साफ होते, अशी त्यामागची कारणे सासूकडून सुनेकडे येत राहतात.

या सवयीतून तोंडाचा कर्करोग होतो, हे आज कोणालाही सांगावे लागत नाही. पुडीवर चित्र असते, सिनेमा सुरू होण्याआधी जाहिरात असते, शाळेच्या भिंतीवर घोषणा असते. पण ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी ही गोष्ट अशी सर्वज्ञात नव्हती. काही डॉक्टरांना संशय होता, एवढेच. संशयाचे रूपांतर पुराव्यात करायला कोणीतरी हजारो तोंडे पाहायला हवी होती आणि प्रत्येक तोंडाच्या मालकाला तुम्ही काय खाता, काय चघळता, कुठे धरता, हे विचारायला हवे होते. हे काम ज्यांनी मुंबईत उभे केले, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबात झाला. या समाजातून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत संगीतातली मोठी नावे पुढे आली, हे सर्वांना माहीत असते. विज्ञानातले हे नाव तेवढे घेतले जात नाही. खानोलकरांनी वैद्यकाचे शिक्षण लंडनला घेतले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. मिळवली. त्या काळी परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरने मुंबईत दवाखाना थाटावा आणि नाव कमवावे, हा सरळ रस्ता होता. विकृतिशास्त्र हा त्यातला आडरस्ता. या शास्त्रातला डॉक्टर रुग्णाला फारसा दिसतच नाही. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा, शवविच्छेदनातला अवयव, रक्ताचा नमुना, हे त्याचे रुग्ण. रोग कोणता आणि तो कितपत पसरला आहे, याचा निकाल तो सूक्ष्मदर्शकाखाली लावतो आणि श्रेय बहुधा शल्यविशारदाला मिळते.

भारतात परतल्यावर खानोलकरांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवले. हे दुसरे कॉलेज म्हणजे केईएम रुग्णालयाला जोडलेले, १९२६ साली सुरू झालेले. आधीच्या पिढीत आपल्याकडे हा विषय म्हणजे परीक्षेपुरता पाठ करायचा भाग होता. खानोलकरांनी त्याला संशोधनाचा विषय केले. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो, त्याचे मूळ या वर्षांत आहे.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १९४१ साली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. त्यांच्या स्मृतीशी जोडलेल्या इच्छेतून दोराबजी टाटा विश्वस्त निधीने परळला कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा त्यात ८० खाटा होत्या. खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे प्रमुख झाले.

मुंबईत कर्करोगावर असे स्वतंत्र रुग्णालय उघडल्यावर काय होते, हे लगेच दिसले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येऊ लागली. गुजरातेतून, कोकणातून, देशावरून, बिहारमधून, दक्षिणेतून. आणि त्यांच्यातल्या फार मोठ्या संख्येला रोग होता तो तोंडाचा किंवा घशाचा. कोणाच्या गालाच्या आतल्या बाजूला, कोणाच्या हिरडीवर, कोणाच्या जिभेच्या बुडाशी, कोणाच्या खालच्या ओठावर. लंडनमध्ये शिकलेल्या विकृतिशास्त्रज्ञाला हे नवे होते. तिकडच्या रुग्णालयांत तोंडाचा कर्करोग होताच, पण एकूण कर्करोगांत त्याचा वाटा लहान होता. इथे तो इतका का?

त्या वेळी याचे एक सोपे उत्तर हाताशी होते: वंश. गोऱ्या लोकांना एक प्रकारचा कर्करोग होतो, काळ्या-सावळ्यांना दुसऱ्या प्रकारचा. आपल्याकडे या उत्तराला जातीची जोड मिळत असे. अमुक समाजात हा रोग जास्त, तमुक समाजात कमी, तेव्हा तो रक्तातच असणार, असे समजणे कोणालाच अवघड वाटत नव्हते. हिंदुस्थानात कर्करोग एकूणच कमी, असाही एक समज होता. विश्वनाथ आणि खेमसिंग ग्रेवाल यांनी १९३० च्या दशकात देशभरातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासून त्याला धक्का दिला होता. कर्करोगाच्या वयापर्यंत जगणारी माणसे इथे कमी होती. जी जगत, त्यांना तो इतरांसारखाच होत होता. पण कोणत्या अवयवाचा होतो आणि का, हा प्रश्न शिल्लकच होता.

रोग रक्तातून आला की सवयीतून, हा प्रश्न नुसता शास्त्रीय नाही. रक्तातून आला असेल तर सरकारने करण्यासारखे फार थोडे उरते; रुग्णालये बांधायची आणि वाट पाहायची. सवयीतून आला असेल तर तो टाळता येतो आणि मग टाळण्याची जबाबदारी कोणाची, हेही विचारावे लागते. लंडनमध्ये १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या वृषणाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. काश्मिरात पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटाच्या त्वचेवर होणारा कर्करोगही डॉक्टरांना माहीत होता. म्हणजे माणूस रोज जे करतो ते त्याच्या शरीरावर ठरावीक जागी उमटते, ही कल्पना नवी नव्हती. तोंडाच्या बाबतीत ती तपासून पाहायची होती.

खानोलकरांनी ती तपासली. १९४४ साली अमेरिकेतल्या ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला, मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा घेणारा. यातला सलग हा शब्द महत्त्वाचा. डॉक्टरला लक्षात राहिलेले, विशेष वाटलेले रुग्ण निवडले तर हवा तो निष्कर्ष काढता येतो. रांगेतला एकही न वगळता हजार रुग्ण घेतले की ती पळवाट बंद होते. त्या काळात, युद्ध चालू असताना, कागदाची टंचाई असताना, नव्या रुग्णालयाने तीन वर्षांत एवढ्या नोंदी शिस्तीने ठेवल्या, ही गोष्टच आज वाचताना अचंबा वाटायला लावते. रुग्ण कोणत्या प्रांतातला, कोणत्या समाजातला, त्याची सवय कोणती आणि गाठ तोंडात नेमकी कुठे, या गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की त्यांच्यातली संगती दिसू लागते.

पुढच्याच वर्षी, १९४५ साली, त्यांचा आणि सूर्याबाई यांचा आणखी एक लेख प्रसिद्ध झाला. भारतातल्या चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार त्यात वर्णन केले होते. त्यातला एक होता धोतराचा. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराखाली त्वचा वर्षानुवर्षे घासली जाते आणि त्या पट्ट्यावरच कर्करोग होतो. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही कमरेवर असेच आढळले. दुसरा प्रकार खैनीचा. बिहारकडची माणसे तंबाखू आणि चुना मळून ती चिमूट खालच्या ओठाच्या खोबणीत ठेवतात. त्यांचा कर्करोग नेमका त्याच खोबणीत सुरू होतो. बिहारमधली खैनी आणि मराठवाड्यातली मळलेली तंबाखू यांत नावाचा फरक आहे, वस्तू तीच.

जिथे चिमूट तिथे गाठ, हा इतका ढळढळीत पुरावा आहे की तो आधी कोणाच्या डोळ्यांत कसा भरला नाही, असे वाटते. पण दिसण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. गाठ कुठे आहे हे विकृतिशास्त्रज्ञाला माहीत असते. चिमूट कुठे धरतात, हे रुग्णाला. दोघांचे बोलणे सहसा होत नाही. खानोलकरांच्या विभागात ते झाले.

यामागचे रसायनशास्त्र नंतर उलगडत गेले. चुन्याने तोंडातला ओलावा अल्कधर्मी होतो आणि त्यामुळे तंबाखूतले निकोटिन गालाच्या अस्तरातून झटपट रक्तात शिरते. मळणाऱ्याला तरतरी येते ती यामुळे, आणि चुन्याशिवाय तंबाखू फिकी लागते तीही यामुळेच. चुन्याने ते नाजूक अस्तर रोज भाजतही असते. तंबाखू वाळवताना आणि मुरवताना तिच्यात नायट्रोसामाइन गटातली द्रव्ये तयार होतात. कर्करोग घडवणारी मुख्य द्रव्ये ती. भाजून केलेल्या मिश्रीतली ही द्रव्ये जळून जातात, हा समज चुकीचा आहे. भाजण्यातून होणाऱ्या काही घातक द्रव्यांची तिच्यात उलट भरच पडते. पान आणि गुटख्यातली सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू घातलेल्या विड्याला १९८५ साली आणि नुसत्या सुपारीला २००४ साली कर्करोगकारक ठरवले.

खानोलकरांनी रक्ताचा प्रश्न मात्र तसाच सोडून दिला नाही. तो निकाली काढायचा तर रक्तही तपासायला हवे. एल. डी. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या आपसातच लग्ने करणाऱ्या सहा समाजांचे रक्तगट आणि इतर अनुवंशिक गुण मोजले. एकूण सात गुणांची ही आकडेवारी १९४९ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. भारतातल्या जातींचा अनुवंशशास्त्राच्या नजरेने झालेला हा सुरुवातीच्या गंभीर अभ्यासांपैकी एक. ज्याच्या स्वतःच्या समाजाला जन्मावरून नावे ठेवली गेली, त्या माणसाने जन्माचा आणि रोगाचा संबंध गृहीत न धरता मोजायला घ्यावा, हा योगायोग असेलही. त्याचे मोल मात्र कमी होत नाही.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. एक शिस्तीचा अभ्यासक सरकारी आरोग्ययंत्रणेत आला, तो असा. या केंद्रात त्यांनी माणसे घडवली. पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, या त्यांच्या विद्यार्थिनी. त्यांनी अमेरिकेहून परतल्यावर केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, ती देशातली अशी पहिली. प्राणी, पेशी, अनुवंश, सूक्ष्मजंतू, असे सगळे विभाग एका छताखाली आणण्याची कल्पना खानोलकरांची. कर्करोग हा एकट्या शल्यविशारदाचा विषय नाही, हे त्यांना फार आधी कळले होते.

१९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. याच नियतकालिकात पाच वर्षांपूर्वी डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून जग हलवले होते. मुंबईच्या लेखाचा विषय होता तंबाखू ओढणे, तंबाखू चघळणे आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचे कर्करोग. पद्धत तीच: कर्करोग झालेले आणि न झालेले यांच्या सवयी ताडून पाहायच्या. चघळणाऱ्यांना तोंडाचा कर्करोग अधिक, ओढणाऱ्यांना जिभेच्या बुडाचा आणि घशाचा अधिक, आणि दोन्ही करणाऱ्यांचे हाल दोन्हीकडून. माणसाचा वंश तोच राहून सवय बदलली की रोगाची जागा बदलते. रक्त की सवय, या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण होते.

जगाने मात्र डॉल-हिल लक्षात ठेवले. सिगारेट ही श्रीमंत देशांची सवय होती, त्या देशांत आकडे मोजणारे आणि बातम्या छापणारे जास्त होते. चुना-तंबाखू मळणाऱ्या शेतकऱ्याचे तोंड हा मुंबईच्या एका प्रयोगशाळेचा विषय राहिला. आपल्या सरकारनेही पुढे बरीच वर्षे श्रीमंत देशांचीच नक्कल केली. ते पुढे येईलच.

खानोलकरांचे काम कर्करोगापुरते नव्हते. कुष्ठरोगाचा जंतू शरीरात शिरल्यावर सुरुवातीला त्वचेत आणि नसांत काय घडते, यावरचा त्यांचा सूक्ष्मदर्शकी अभ्यास त्या विषयातल्या लोकांना आजही ठाऊक आहे. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीत त्यांनी भारताच्या वतीने काम केले. विकृतिशास्त्रज्ञांची देशव्यापी संघटना उभी करण्यात ते आघाडीवर होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण मिळाले, राष्ट्रीय प्राध्यापकपद मिळाले. अशा पदांच्या याद्या वाचताना माणूस हरवतो, म्हणून त्या इथेच थांबवलेल्या बऱ्या.

टाटा मेमोरियलचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. १९५७ साली रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे. रुग्णालय आणि खानोलकरांचे संशोधन केंद्र १९६६ साली एकत्र आले आणि टाटा मेमोरियल सेंटर झाले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे कसे, असा प्रश्न पडतो. किरणोपचार हा दुवा होता आणि होमी भाभांची दूरदृष्टी हा दुसरा. आज औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तीही याच अणुऊर्जा विभागाच्या पुढाकाराने. अब्जावधी वर्षांपूर्वी आदळलेल्या कृष्णविवरांचा थरकाप जिथे मोजला जाणार आहे, त्याच माळरानावर खालच्या ओठात तंबाखू धरली जाते, आणि या दोन्ही गोष्टींशी सरकारचे एकच खाते जोडलेले आहे.

खानोलकर हजार रुग्णांच्या नोंदी करत होते, तेव्हा औंढा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. मराठवाडा १९४८ साली भारतात आला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. इथल्या माणसाला तोंडात फोड आली, ती भरेना, म्हणून परळ गाठायचे म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणे होते. बहुतेक जण जातच नसत. गाव, वैद्य, देवदर्शन, आणि मग खूप उशीर. तोंडाचा कर्करोग हा डोळ्यांना दिसणाऱ्या जागी होतो, बोटाने चाचपता येतो, वर्षानुवर्षे आधी पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याच्या रूपात सूचना देतो. तरीही तो रुग्णालयात पोहोचतो तेव्हा बहुधा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असतो. जो रोग आधी पकडणे सर्वांत सोपे, तोच सर्वांत उशिरा पकडला जातो.

सरकारी यंत्रणेने मौखिक आरोग्याकडे पाहिले ते आधी दातांच्या बाजूने. १९४८ साली दंतवैद्यक कायदा झाला, महाविद्यालये निघाली, पण दंतवैद्य शहरात राहिले. तंबाखूवरचा पहिला मोठा केंद्रीय कायदा १९७५ सालचा, आणि तो फक्त सिगारेटचा. पाकिटावर इशारा छापायची सक्ती झाली. खानोलकरांचा लेख येऊन तोवर तीस वर्षे उलटली होती. त्या लेखातले रुग्ण सिगारेट ओढणारे नव्हते. देशात सर्वाधिक माणसे ज्या रूपात तंबाखू खात होती, त्या रूपाला कायद्याने हात लावला नव्हता. याला दिरंगाई म्हणणे फार सौम्य ठरेल. तंबाखू पिकवणारे शेतकरी, विडी वळणारे हात, अबकारी कराचे उत्पन्न, सगळे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात होते.

पुरावे मात्र साठत गेले, आणि त्यांतला मोठा वाटा महाराष्ट्राने दिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाच्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. हा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात आलेल्यांची मोजणी खानोलकरांनी केली होती. इथे दंतवैद्य स्वतः ओसरीवर गेले. कर्करोग आणि त्याआधीचे चट्टे जवळजवळ सगळे तंबाखू वापरणाऱ्यांतच सापडले, आणि स्त्रियांमधली मिश्री ही किरकोळ गोष्ट नाही हेही आकड्यांत आले. पुढे याच गटाने तीन राज्यांतल्या ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना समजावून सवय सोडवण्याचा प्रयोग केला. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: समजावल्याने माणसे तंबाखू सोडतात, आणि सोडली की चट्टे कमी होतात.

खानोलकर तोवर राहिले नव्हते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चघळायच्या तंबाखूवरचे सरकारी निर्बंध त्यांनी फारसे पाहिलेच नाहीत. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आली १९९२ मध्ये. तोवर दात घासायच्या पावडरीत तंबाखू मिसळून विकणे चक्क कायदेशीर होते. चघळायच्या तंबाखूसह सर्व प्रकारांना लागू होणारा व्यापक कायदा २००३ चा. पुडीवरची चित्रे २००९ पासून. महाराष्ट्राने गुटख्यावर २००२ साली घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा घातली. ती किती पाळली जाते, हे कोणत्याही पानटपरीवाल्याला माहीत आहे.

या सगळ्यानंतरही २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते, म्हणजे चारातला जवळपास एक. २०२२ साली देशात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाल्याचा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. भारतीय पुरुषांत हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग.

२०१४-१५ पासून केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे तोंड दर पाच वर्षांनी पाहायचे, असा नियम आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. बॅटरी, हातमोजे आणि पाहायला शिकवलेले डोळे पुरतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात असे नुसते पाहण्याचा मोठा प्रयोग झाला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आपले तोंड या कारणासाठी कधीतरी तपासले गेले असे सांगणाऱ्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण देशभरात एक टक्क्याच्या आसपासच निघाले. नियम आणि उपकेंद्राचा दरवाजा यांच्यामध्ये कुठेतरी काम सांडते.

मिश्रीच्या बाबतीत तर कायद्याचाही उपयोग मर्यादित आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला पाकीट नसते, त्यामुळे पाकिटावरचे चित्र तिला लागू होत नाही. दुकानदाराला दंड करता येईल. चुलीला करता येत नाही. इथे पोहोचते ती फक्त दारात येऊन विचारणारी बाई. आशा कार्यकर्ती तिशीपुढच्या माणसांचा जो तक्ता भरते, त्यात धूम्रपानाबरोबरच गुटखा-खैनी खाता का, हा प्रश्न असतो. तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा आहे का, आवाज बदलला आहे का, हेही विचारायचे असते. यातल्या एकाही प्रश्नाला हो म्हटले तर माणसाला पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचे. सवय सोडायची असेल तर १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

खैनी या शब्दाची आणि ओठातल्या गाठीची सांगड १९४५ साली खानोलकर आणि सूर्याबाईंच्या लेखात घातली गेली होती. तो शब्द आता सरकारी तक्त्यात आहे. मराठवाड्यातल्या बाईला खैनी म्हणजे काय, हे बहुधा माहीत नसते. तिला मिश्री लावता का, असे विचारावे लागते; आणि ती नाही म्हणाली तर दात कशाने घासता, असे पुन्हा एकदा विचारावे लागते.